सत्कार ठरला, पण सालदारच नको म्हणतो

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या 44 वर्षांच्या एका शेतकऱ्याचं हे पत्र. घरी 10 एकर वावर, त्यात 6 एकर पऱ्हाटी (कपाशी), बाकी सोयाबीन आणि तूर. मागच्या डिसेंबरात रात्री वडिलांना लकव्याचा झटका आला. आशाताईंनी 108 ला फोन लावला, सालदारानं (वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्यानं) वडिलांना खाटेवरून उचलून रस्त्यापर्यंत आणलं, गावात पाणी सोडणाऱ्या माणसानं टॉर्च धरून गाडीला वाट दाखवली. वडील आठ दिवसांनी गेले. ज्यांच्या जिवावर आपलं घर चालतं त्यांच्याकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, हे तेव्हापासून पत्रलेखकाच्या मनात आहे. वर्षश्राद्धाला मंडप टाकून सालदार, वेचणीच्या 9 बाया, आशाताई, पाणीवाले आणि विजेच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चढणारा गावातला पोरगा अशा 13 जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. पण सालदार म्हणाले, "मले कायले उभं करता मानसात?" धाकटा भाऊ म्हणतो, "एवढं केलं तर डोक्यावर बसतील." आणि बायको म्हणाली, "शालीपेक्षा दिवाळीचा चुकारा (मजुरीचे पैसे) वेळेवर दिला असता तर बरं झालं असतं." पत्रलेखक विचारतात, मी मनापासून करतोय, मग सगळ्यांना ते खटकतं का? सत्कार नाही तर मग काय करू?

भाऊ, तुमच्या मनात आलेली गोष्ट चांगली आहे, ती सोडू नका. पण सालदारांचा नकार म्हणजे नुसता लाजाळूपणा, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसावं. तुम्ही लिहिता की ते 22 वर्षांपासून तुमच्याकडे आहेत. साल पाडव्याला संपतं, तेव्हा ते तुमच्यासमोर बसून पुढच्या सालाचा आकडा बोलतात. डिसेंबरात सगळ्या गावासमोर शाल अंगावर घेतलेल्या माणसाला चैत्रात चार पैसे वाढवून मागायला जड जातं. मागितले तर लोक म्हणतात, "एवढा मान दिला, तरी याचं पोट भरेना." मान स्वीकारला की तोंड बांधलं जातं, हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असावं. म्हणून त्या नकाराला उत्तर समजा आणि त्यावर आग्रह करू नका.

दुसरी गोष्ट तारखेची. डिसेंबर म्हणजे वेचणीचा भर. तुमच्या 9 बाया किलोवर वेचतात, रोजावर नाही. दुपारी दोनला मंडपात बोलावलं, भाषणं झाली, जेवणं झाली की दिवस गेला. त्या दिवशी त्यांच्या ओटीत कापूस नाही म्हणजे हातात पैसा नाही. सत्काराचा खर्च तुम्ही कराल, पण त्या दिवसाची मजुरी त्या भरतील. काही करायचंच असेल तर बाजाराच्या दिवशी करा, त्या दिवशी बाया तशाही वावरात जात नाहीत. नाहीतर बोलावलेल्या दिवसाची मजुरी द्या, आणि ती देणार आहात हे आधीच सांगा.

आता तुमच्या घरच्या बाईंचं वाक्य. सगळ्या पत्रात कामाचं वाक्य तेच आहे. कापूस विकल्याशिवाय घरात पैसा येत नाही, भाव पडलेला असला की विकावंसं वाटत नाही, खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत दिवस जातात. ही ओढाताण खरी आहे. पण त्या थांबण्याचं ओझं वेचणाऱ्या बाईच्या किराणा दुकानाच्या उधारीवर जातं. भाव वाढला तर वाढलेला पैसा तुमचा, आणि तोवर उधारी तिची, असा हा व्यवहार होतो.

यावर उपाय हिशेबाचा आहे. वेचणीचा दर किलोला 10 रुपये धरा (तुमच्याकडे जो असेल तो घाला). म्हणजे क्विंटलमागे 1000 रुपये. 6 एकरांत एकरी 6 क्विंटल आला तर 36 क्विंटल, म्हणजे सगळ्या वेच्यांची (वेचणीच्या फेऱ्यांची) मजुरी 36,000 रुपये. ही रक्कम एकदम लागत नाही. पहिल्या वेच्यात 10–12 क्विंटल निघाला तर 10 ते 12 हजार. तेवढ्यापुरता थोडा कापूस आधी विका, भाव मनासारखा नसला तरी. बाकीचा ठेवा. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास विकलं जातं; त्या पैशातून पहिल्या वेच्याची मजुरी खत-औषधाची उधारी फेडायच्या आधी वेगळी काढली, तर कापूस घाईनं विकायची वेळही येत नाही. चुकारा दर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळी. बाईला तो मागायला तुमच्या दारी यावं लागू नये, ही त्यातली मुख्य गोष्ट.

चुकाऱ्याइतकीच काट्याची गोष्ट आहे. संध्याकाळी वावरात वजन होतं तेव्हा साडेबावीस किलोचे बावीस लिहिले जातात, गाठोड्याच्या फडक्याचं वजन अंदाजानं कापलं जातं. कुणाला त्यात लबाडी वाटत नाही, पूर्वीपासून तसंच चालत आलेलं असतं. पण रोज अर्धा किलो गेला तर 20 दिवसांच्या वेचणीत 10 किलो, म्हणजे एका बाईचे 100 रुपये. नऊ बायांचे 900. बटणाचा टांगता इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. फडकं आधी रिकामं तोला, तेवढंच वजा करा. आकडा बाईला दिसेल असा काटा तिच्याकडे वळवा. तुमच्या वहीत लिहाल तसाच तिच्या छोट्या वहीतही लिहा. जिला वाचता येत नाही तिची मुलगी घरी गेल्यावर वाचेल. रोजावरच्या कामात, निंदणात किंवा खत टाकताना, बाई आणि माणूस सारखंच काम करत असतील तर मजुरीही सारखी द्या. तसा नियम 1976 पासून कायद्यात आहे, आणि गावात तो मोडणं इतकं सवयीचं झालंय की कुणाला बोचतही नाही.

वावरात प्यायच्या पाण्याची झाकणाची 20 लिटरची कॅन, मेणकापडाची सावली, आणि आडोसा, एवढं तरी हवंच. आडोशाबद्दल बाया तुम्हाला कधी बोलणार नाहीत. दिवसभर वावरात जायला जागा नसते म्हणून कित्येक जणी पाणीच कमी पितात आणि मग लघवीची जळजळ घेऊन फिरतात. धुऱ्यावर चार बल्ल्या आणि जुन्या ताडपत्रीचा आडोसा उभा करायला तासभर लागतो. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरतात, त्यासाठी खोबरेल तेलाची बाटली आणि पट्ट्यांचा डबा बंडीत राहू द्या.

सालदारांबद्दल थोडं सविस्तर. तुमचं त्यांच्याशी बोलणं झालेलं असेल, पण कागद नसेल. पाडव्याला एका पानावर लिहा: सालाची रक्कम, किती ज्वारी-गहू, उचल किती आणि ती कोणत्या महिन्यात किती वळती करायची, महिन्याला किती सुट्ट्या, आजारपणाचे किती दिवस खाडा धरायचा नाही. दोन प्रती, दोघांच्या सह्या. बिघाड होतो तो बहुतेक उचलीतून. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला उचल घेतली जाते, तोंडी हिशेब राहतो, साल संपलं तरी फिटत नाही, आणि माणूस पुढच्या सालाला नको असला तरी अडकून राहतो. इमानदारी म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात अशी अडकण किती आहे, हे वही उघडल्यावर कळतं. राहिलेल्या उचलीपोटी त्यांना थांबावं लागणार नाही, हेही त्या पानावर असू द्या.

खाड्याबद्दल आणखी एक. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. ज्या गड्याचे किंवा बाईचे हातपाय, सांधे वारंवार दुखतात, थंडीत किंवा उन्हात पाणी कमी पडलं की जे दोन-दोन दिवस उठत नाहीत, त्यांना गाव आळशी म्हणून मोकळं होतं. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली आहे का, हे विचारा. ती सरकारी दवाखान्यात होते. आजार निघाला तर अशा माणसाला भर थंडीत रात्रीच्या ओलिताला (पिकाला पाणी द्यायला) पाठवू नये, पाणी भरपूर द्यावं, आणि दुखण्याचे दिवस खाड्यात धरू नयेत.

आणि फवारा. या एका बाबतीत हात जोडून सांगावंसं वाटतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्या साली पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, औषधांची मिसळ करून मारली जात होती, आणि पंप ज्यांच्या पाठीवर होता त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं गेलेले होते. तुमची तूर आता फुलावर-शेंगेवर असेल, म्हणजे घाटेअळीचा फवारा याच दिवसांत येईल.

डब्यावरचा चौकोन पाहा. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. ज्या पिकासाठी लेबलवर शिफारस आहे त्यालाच, सांगितलेल्या मात्रेत वापरा. दुकानदारानं सांगितलं म्हणून दोन-तीन औषधं एका पंपात ओतू नका. तोंडाला रुमाल बांधला की काम भागतं असं समजू नका. रुमाल ओला होतो आणि तेच औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. फवारणीचा मास्क, रबरी हातमोजे, गॉगल, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गमबूट हे सगळं तुम्ही विकत घ्यायचं, गड्यानं नाही. उपाशीपोटी फवारा नको. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, बारीक तार किंवा जुना ब्रश ठेवा. औषध काठीनं ढवळा. हात साबणानं धुतल्याशिवाय पाणी नाही, बिडी नाही, खर्रा नाही. खर्रा मळताना हातावरचं औषध थेट तोंडात जातं, आणि ही गोष्ट रोज घडते. एकाच माणसाला सलग दिवस पंप देऊ नका आणि वावरात त्याला एकटं सोडू नका. फवारा झाला की साबणानं आंघोळ, आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, कारण ते धुणाऱ्या बाईलाही विष लागतं.

चक्कर, मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, छाती भरून येणं यातलं काहीही झालं तर कपडे काढा, अंग धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. दूध-तूप पाजत, उतरेल म्हणून वाट पाहत बसू नका. औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या, कारण उतारा कोणतं विष आहे त्यावर ठरतो.

आता विमा. तुमचा शेतात अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना आहे. ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला लागू होते. तुमच्या सालदाराला होत नाही. त्याच विहिरीवर, त्याच सापाच्या वाटेवर दोघं असता, पण कागदावर ते नाहीत. पंतप्रधान सुरक्षा विम्याचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, वय 18 ते 70, आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. साप चावणं, झाडावरून पडणं यालाही तो लागू होतो, पण दवाखान्याची नोंद लागते. म्हणून सर्पदंशाला आधी मांत्रिकाकडे नेलं की जीवही जातो आणि दावाही. जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये, त्यात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर 2 लाख, पण त्यात शिरायचं वय 50 पर्यंतच. तुमचे सालदार 52 चे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांना 20 रुपयांचाच मिळेल. त्यांच्या बाईंचं वय बसत असेल तर त्यांना दोन्ही. दोन्ही विमे बँक खात्यातून दरवर्षी मेअखेर कापले जातात आणि 1 जूनपासून वर्ष सुरू होतं. चुकतं ते इथेच. पेरणीच्या तोंडावर गड्याचं खातं रिकामं असतं, हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो आणि कुणाला कळतही नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या खात्यात हप्त्याची रक्कम टाका आणि पासबुक भरून पाहा.

आशाताई, पाणीवाले आणि डीपीवाला पोरगा यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते तुमच्या घरचे मजूर नाहीत. आशाताईंना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, आणि प्रत्येक कामाची नोंद, सही, आधार, पासबुकाची प्रत गोळा केल्याशिवाय मोबदला निघत नाही. आपण त्यांना "उद्या या" म्हणतो तेव्हा त्यांची एक फेरी फुकट जाते. घरातले कागद एका पिशवीत ठेवा, सर्वेक्षणाला पहिल्याच फेरीत माहिती द्या. आणि त्या रात्री त्यांनी काय केलं हे तारीख-वेळेसह लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, एक प्रत आशाताईंना. गावातल्या शालीची नोंद कुठे होत नाही, या पत्राची होते.

पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार ग्रामपंचायतीच्या वसुलीशी जोडलेला असतो. घरपट्टी, पाणीपट्टी थकवून त्याला शाल-श्रीफळ दिलं तर काय उपयोग? आधी स्वतःची थकबाकी भरा. मग 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उठून त्याचा पगार कधीपासून थकलाय हे विचारा आणि ठरावात लिहून घ्या. तो स्वतः हे विचारू शकत नाही, तुम्ही शेतकरी म्हणून विचारू शकता.

डीपीवर चढणारा तो पोरगा महावितरणचा नोकर नसेल, गावात ज्याला झिरो वायरमन म्हणतात तो असेल. त्याचे आभार मानायचे असतील तर त्याला चढायला सांगणं बंद करा. खरा लाईनमन उपकेंद्रातून परमिट घेऊन, वीज बंद झाल्याची खात्री करून चढतो. हा पावसात हातात पक्कड घेऊन चढतो, आणि त्याला काही झालं तर तो तिथे का होता याचं उत्तर कुणाकडेच नसतं. तक्रार 1912 वर नोंदवा, ओलित एक रात्र राहिलं तरी चालेल. पोरगा हुशार असेल तर त्याला आयटीआयच्या वीजतंत्री शाखेचा अर्ज भरायला लावा, फी कमी पडली तर ती भरा.

एवढं झाल्यावर वागण्याबद्दल, कारण पैशाच्या आधीही माणसाला तेच दिसतं. तुमच्या गोठ्याच्या कोनाड्यात सालदारांचा कप वेगळा पालथा घातलेला आहे का, पाहा. असेल तर तो आजच उचला आणि चहा घरातल्या कपात, ओसरीवर बसून द्या. जातीमुळे ठेवलाय की सवयीनं, हे तपासत बसू नका. ज्याला तो मिळतो त्याला कारण ठाऊक असतं. तुमचा शाळकरी मुलगा 52 वर्षांच्या माणसाला "ए" म्हणून हाक मारत असेल तर त्याला "काका" म्हणायला लावा, आणि आधी तुम्ही स्वतः अरे-तुरे सोडा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचा खांदा हळद-तूप लावून शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. त्याच बैलांना वर्षभर सांभाळणाऱ्याला बोजारा (पोळ्याची बक्षिसी) देऊन दारातून पाठवतो. त्या दिवशी त्यांना घरच्यांसह जेवायला बोलवा आणि पहिल्या पंगतीत बसवा.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. वर्षश्राद्धाला दोन शब्द बोलावेसे वाटतील तर जरूर बोला, पण वरचं निम्मं काम त्याआधी झालेलं असू द्या. फोटो काढण्याआधी विचारा. वेचणीच्या बायांची नावं पूर्ण घ्या, आडनावासकट. गावात त्यांना अमक्याची बायको म्हणूनच ओळखतात. पंगत एकच असू द्या आणि वाढायला तुम्ही दोघं भाऊ उभे राहा.

तुमच्या भावाला वाटतं की ते डोक्यावर बसतील. त्यांची भीती उडवून लावू नका, तिच्या मागे मजूर न मिळण्याची खरी काळजी आहे. पण त्यांना एवढंच विचारा की वेचणीच्या भरात बाया कुणाच्या वावरात आधी जातात. ज्याचा काटा खरा आणि चुकारा ठरल्या दिवशी, त्याच्याकडे. हे तेही जाणतात.

आणि तुमच्या 13 जणांच्या यादीत एक नाव नाही. वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून न्याहारी, डबे, दोन वेळचा चहा करणाऱ्या, कुणाचा किती चुकारा राहिला हे तोंडपाठ असणाऱ्या तुमच्या बायकोचं. चुकाऱ्याची वही त्यांच्याकडे द्या, कापसाच्या पैशाचा हिशेब दोघांनी मिळून करा. वडिलांच्या नावची वारसनोंद झाली आणि तुमचा हिस्सा तुमच्या नावावर आला की लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्यावर त्यांचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं एके काळी ही मोहीम गावोगाव नेली होती. वारसनोंदीत आई आणि बहिणींचीही नावं येतात, ती गाळायची घाई कुणी करत असेल तर होऊ देऊ नका.

सालदारांशी आता पुन्हा बोलाल तेव्हा सत्काराचा विषय काढू नका. "तुम्हाला काय हवं" असंही विचारू नका, त्यावर "काही नाही" हेच उत्तर येतं. उचलीची वही घेऊन बसा, खाड्याचं आणि विम्याचं बोला, आणि त्या वेळी त्यांच्या बाईंनाही बोलवा. महिन्याच्या कोणत्या आठवड्यात घरात पैसा संपतो हे त्यांना माहीत असतं, आणि पैसे कोणत्या तारखेला द्यायचे हे त्यावरून ठरवता येईल.